पटावरील नाव व ताटातील घास

(तालुका शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेत शासकीय कल्याणकारी योजना व त्यांचा गैरवापर या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी सूचना आहे. विषय वादाचा आहे. गावच्या पारावर, एस. टी. च्या थांब्यावर आणि आपल्या मधल्या सुट्टीतही तो निघतो. एक पक्ष म्हणतो, फुकट देऊन सरकार लोकांना आळशी करीत आहे, आणि दिलेले मधल्या मध्ये गडप होते. दुसरा पक्ष म्हणतो, गरिबाच्या तोंडात घास पडला की त्यालाच तुम्ही चोर ठरविता. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेणे भाग आहे. शासनाने खर्चिलेल्या रुपयातील जेमतेम पंधरा पैसे गरजवंतापर्यंत पोहोचतात, अशी कबुली १९८५ साली तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनीच दिली होती. तेव्हा गळतीची तक्रार ही केवळ सुखवस्तू लोकांची कुरकुर आहे, असे म्हणून भागणार नाही.

परंतु सर्व योजनांची चर्चा एका बैठकीत होणे नाही. जी योजना आपल्या हातून रोज वाटली जाते, तिच्याच आधारे हा प्रश्न आपण तपासू. ती म्हणजे शाळेतील दुपारचे जेवण. आपल्या बोलण्यात, खिचडी.

या योजनेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. मद्रास राज्यात कामराज मुख्यमंत्री असताना, १९५० नंतरच्या दशकात, शाळेत जेवण देण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. पुढे १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूत तो फार विस्तारला, तेव्हा ही मतांसाठी केलेली उधळपट्टी आहे, अशी टीका पुष्कळांनी केली. तीच योजना नंतर इतर राज्यांपुढे उदाहरण म्हणून ठेवली गेली. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शिक्षणास पोषणसाहाय्य देणारी राष्ट्रीय योजना सुरू केली. आरंभी बहुतेक राज्यांत शिजविलेले अन्न मिळत नसे. महिन्यात ८० टक्के हजेरी भरलेल्या मुलास महिना ३ किलो धान्य मिळे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, शाळेत शिजविलेलेच अन्न द्यावे आणि वर्षातून किमान २०० दिवस द्यावे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलाचा हक्क ठरले. प्राथमिक वर्गातील मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य व ४५० उष्मांक, उच्च प्राथमिक वर्गात १५० ग्रॅम धान्य व ७०० उष्मांक, हे प्रमाण आपणा सर्वांना तोंडपाठ आहे.

आता गैरवापराकडे वळू. तो दोन वाटांनी होतो, आणि या दोन्ही वाटांवर मी उभा राहिलेलो आहे. म्हणून स्वतःचीच हकीकत सांगतो.

सन १९९७-९८ मध्ये मी एका कोरडवाहू गावी द्विशिक्षकी शाळेत होतो. ते महिना ३ किलो तांदळाचे दिवस होते. तिसरीतील एका मुलीची हजेरी त्या महिन्यात २४ पैकी १८ दिवस भरली. नियमाप्रमाणे २० दिवस हवे होते. कापूस वेचणीचा हंगाम होता. आई वेचणीस गेली की तान्ह्या भावाला सांभाळण्यासाठी ही मुलगी घरी राही. तांदूळ वाटपाच्या दिवशी आई पिशवी घेऊन आली. मी हजेरीपट तिच्यापुढे ठेवला आणि नियम समजावून सांगितला. ती एवढेच म्हणाली, “गुरुजी, ती आली ते अठरा दिवस तरी धरा की.” मी धरले नाहीत. नियमात बसत नव्हते. पुढच्या महिन्यात ती मुलगीही आईबरोबर वेचणीस जाऊ लागली, आणि वर्षअखेरीस तिचे नाव मी माझ्याच हाताने पटावरून कमी केले.

त्याच सुमारास शेजारच्या गावी एक ज्येष्ठ मुख्याध्यापक होते. स्वभावाने फार मायाळू. ते गरिबाच्या मुलाची गैरहजेरी मांडीतच नसत. त्यांच्या शाळेत सर्वांची हजेरी भरे आणि सर्वांना तांदूळ मिळे. आम्ही तरुण शिक्षक त्यांच्याकडे आदराने पाहत होतो. पण ही रीत एकदा पडल्यावर, गाव सोडून गेलेल्या मुलांची नावेही पटावर तशीच राहू लागली. त्या नावांचा तांदूळ शाळेत पडून राही. पुढे एके दिवशी ती पोती गावातील दुकानात आढळली. त्यांनी स्वतः एक दाणाही घेतला नसावा, अशी माझी आजही समजूत आहे. परंतु दयेने उघडे ठेवलेल्या दारातून लबाडी आत शिरली, आणि दार उघडे ठेवणाऱ्याला ती दिसली नाही.

मित्रहो, अनेक वर्षे मी स्वतःचे समाधान असे करीत होतो की, मी निदान खोटे लिहिले नाही. हे खरे आहे. पण त्या मुलीच्या बाबतीत नियमाने माझे हात बांधले नव्हते. ती पहिल्या दिवशी आली नाही तेव्हाच मी तिच्या घरी जाऊ शकलो असतो. “भावाला कडेवर घेऊन शाळेत ये,” असे म्हणू शकलो असतो. त्याला कोणत्याही परिपत्रकाची आडकाठी नव्हती. ती वर्गात बसली असती तर हजेरीही खरी भरली असती आणि तांदूळही खरा मिळाला असता. खोटी हजेरी मांडणे आणि खऱ्या गैरहजेरीचे कारण न विचारणे, या दोहोंत तिसरी वाट होती. ती चालण्याचे कष्ट आम्ही दोघांनीही घेतले नाहीत.

या दोन चुकांत एक महत्त्वाचा फरक आहे. जो अपात्र असून लाभ घेतो, त्याचा शोध लागतो. तपासणी होते, वर्तमानपत्रात बातमी येते. जो पात्र असून वंचित राहतो, त्याची नोंद कोठेही होत नाही. माझ्या त्या मुलीमुळे लेखापरीक्षणात एकही शेरा पडला नाही. उलट माझा तांदळाचा हिशेब चोख म्हणून वाखाणला गेला.

तथापि, म्हणून पहिल्या चुकीकडे काणाडोळा करावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तिचे मोजमाप आपण गणिताने करू. एखाद्या शाळेच्या पटावर ३० नावे खोटी आहेत असे समजा. प्रत्येकी १०० ग्रॅमप्रमाणे दिवसाला ३ किलो, आणि २०० दिवसांचे ६०० किलो, म्हणजे ६ क्विंटल तांदूळ होतो. हा तांदूळ कोणा भुकेल्या आईने ओच्यात लपवून नेलेला नसतो. तो पोत्यांनी जातो, आणि पोती नेण्यास गाडी व कागदावर सही लागते. गैरवापराची चर्चा करताना आपण बोट दाखवितो ते घेणाऱ्याकडे. मोठी गळती मात्र देणाऱ्या हातांच्या साखळीत होते. त्या साखळीत मीही आहे आणि आपणही आहात.

३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रभर झालेली पटपडताळणी आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. एकाच मुलास दोन शाळांत दाखविता येऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. मतदाराच्या बोटाला लावावी तशी शाई पहिलीतल्या बालकाच्या बोटाला लागली, ती त्या बालकाच्या अपराधामुळे नव्हे. पटावर होती पण वर्गात नव्हती अशी लक्षावधी नावे त्या वेळी आढळली. त्या नावांवर शिक्षकपदे, अनुदान, धान्य, सर्व काही मागितले गेले होते. प्रामाणिक शिक्षकांनाही त्या तीन दिवसांत संशयाच्या नजरेखाली उभे राहावे लागले. गैरवापराची खरी हानी हीच की, त्याच्या मागोमाग येणारा अविश्वास गरजवंताला आणि प्रामाणिक सेवकालाही सोसावा लागतो.

अविश्वासातून नवे नियम जन्मतात. ओळखपत्र, छायाचित्र, रोजची ऑनलाइन माहिती, हे सर्व त्यातूनच आले. त्यांपैकी काही उपयोगी आहे. परंतु आधार नाही या कारणास्तव कोणत्याही बालकास योजनेच्या लाभापासून वंचित ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे, हे ध्यानात ठेवावे. यंत्र मुलांचा आकडा घेते. कोणते मूल आज का आले नाही, हे विचारण्याचे काम आपलेच आहे.

आणखी एक प्रसंग सांगतो. मध्यंतरी एका शाळेच्या भेटीत एका तरुण गुरुजींनी मला तत्परतेने सांगितले, “साहेब, चौथीतली एक मुलगी अर्धी खिचडी डब्यात भरून घरी नेत असे. मी ते बंद केले. योजना विद्यार्थ्यांसाठी आहे.” त्यांचे म्हणणे नियमाला धरूनच होते. संध्याकाळी आम्ही दोघे त्या मुलीच्या घरी गेलो. आईवडील ऊसतोडीस गेलेले. घरी एक वृद्ध आजी, अंथरुणास खिळलेली. मुलगी स्वतःच्या ताटातला घास तिच्यासाठी राखीत होती. आजीचे वय पासष्टच्या पुढे खासच. म्हणजे श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन मिळण्यासारखी परिस्थिती. पण वयाचा पुरावा नाही म्हणून कोणी अर्जच केलेला नव्हता.

त्या गुरुजींचे मला कौतुक वाटते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते काम अंगावर घेतले. वैद्यकीय अधिकाऱ्याकडून वयाचा दाखला मिळविला, तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणला आणि तहसील कार्यालयात अर्ज दिला. काही महिन्यांनी वेतन सुरू झाले. तोपर्यंत स्वयंपाक करणाऱ्या बाई आपल्या घरून आजीसाठी भाकरी देत होत्या. ज्याला आपण गैरवापर म्हणत होतो, ती दुसरी एक योजना त्या घरापर्यंत पोहोचली नसल्याची खूण होती. डब्यातली खिचडी थांबविणे सोपे होते. ती कोठे जाते हे पाहणे जरुरीचे होते.

आपल्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, “साहेब, आम्ही शिकवावे की तांदूळ मोजावा? आम्ही शिकवावे की अर्ज लिहावेत?” ही तक्रार खरी आहे व ती मी वरिष्ठांपुढे वेळोवेळी मांडली आहे. कारकुनी कामाचा हा भार कमी झाला पाहिजे. परंतु तो कमी होईपर्यंत मूल उपाशी राहू शकत नाही, आणि उपाशी मुलाच्या डोक्यात भागाकार शिरत नाही, हे आपल्याइतके कोणास ठाऊक आहे?

शेवटी काही व्यवहाराच्या सूचना करतो.

१. हजेरी प्रार्थनेनंतर लगेच मांडावी. जेवणाऱ्या मुलांची संख्या पंगतीत उभे राहून मोजावी. हजेरीपटावरून उतरवून घेऊ नये.

२. तांदूळ स्वयंपाकी भगिनीसमोर व एखाद्या पालकासमोर वजन करून द्यावा. पोत्यावरील आकडा हे वजन नव्हे.

३. आजचे जेवणारे किती आणि आज शिजविलेला तांदूळ किती, हे दोन आकडे दर्शनी फळ्यावर खडूने लिहावेत. ज्याला वाचता येते असा गावातील प्रत्येक माणूस मग आपला तपासनीस होईल. त्याची भीती वाटत असेल, तर ती का वाटते याचा आपण विचार करावा.

४. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न स्वतः चाखावे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील अन्नात कीटकनाशक मिसळले गेल्याने २३ बालके दगावली. चाखण्याची नोंद वही भरण्यासाठी नाही.

५. सलग तीन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी जावे. नाव कमी करण्याचा विचार त्यानंतर करावा.

६. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन याद्या वाचाव्यात: ज्यांचे नाव आहे पण मूल नाही अशांची, आणि जी मुले गावात आहेत पण ज्यांचे नाव नाही अशांची. पहिली यादी आपण परिपत्रकामुळे करतो. दुसरी कोणी मागत नाही, म्हणूनच ती अधिक काळजीने करावी.

बंधुभगिनींनो, योजना चांगली की वाईट, हा वाद पारावर चालूच राहील. आपल्या शाळेपुरते त्याचे उत्तर मात्र आपल्या हजेरीपटात आहे. त्यातील प्रत्येक नावामागे एक मूल असावे, आणि गावातील प्रत्येक मुलामागे एक नाव असावे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका आईने मला अठरा दिवस धरण्यास सांगितले होते. ते मी धरले नाहीत. आपल्यापुढे उद्या अशी कोणी आई पिशवी घेऊन उभी राहिली, तर पट बंद करण्यापूर्वी तिला एकच प्रश्न विचारा, की बाई, उरलेले सहा दिवस मुलगी कोठे होती?