शेजाऱ्यांचे मंडळ
(सुवर्णमहोत्सवी कार्यकर्ता-सत्कार समारंभातील भाषण)



सतरंज्या उचलणाऱ्याचे कौतुक करणे सोपे असते. पण विनावेतन सेवेचा एक असाही प्रकार आहे की, जो करणाऱ्याच्या पदरी लोकांचा रोषच पडतो. साहाय्य निधीचे अर्ज तपासून ओळखीच्याच घराला नकार कळविणाऱ्या चिटणीसांना हे ठाऊक आहे. या सेवेचे फार मोठे आणि फार जड उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेत घडले. त्याविषयी मी आज बोलणार आहे.

त्या युद्धात आपल्याकडील हिंदी सैन्य सुमारे २५ लाखांवर गेले, ते सक्तीवाचून. अमेरिकेत मात्र १६ सप्टेंबर १९४० रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सक्तीच्या लष्करभरतीच्या कायद्यावर सही केली. देश अद्याप युद्धात उतरलेला नव्हता. लोकांचा विरोध इतका की, पुढल्या वर्षी सेवेची मुदत वाढविण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहात २०३ विरुद्ध २०२ अशा एका मताने तरले. १६ ऑक्टोबर १९४० रोजी एकाच दिवसात २१ ते ३५ वयाच्या सुमारे १ कोटी ६० लाख पुरुषांची नोंदणी झाली. शाळांतून टेबले मांडून शिक्षकांनी आणि इतर स्वयंसेवकांनी ती उरकली. २९ ऑक्टोबरला वॉशिंग्टनला सोडत निघाली. युद्धमंत्री स्टिमसन यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून काचेच्या भांड्यातून पहिली चिठ्ठी काढली. आकडा होता १५८. देशभरच्या प्रत्येक स्थानिक यादीत ज्याचा हा क्रमांक, त्याची पाळी पहिली.

परंतु चिठ्ठीने ठरे तो केवळ क्रम. कोणी जायचे आणि कोणी राहायचे, हे ठरवी ते ‘लोकल बोर्ड’. आपल्या भाषेत सांगायचे तर तेही एक मंडळच! अशी ६,४०० हून अधिक मंडळे होती. प्रत्येकात किमान तीन सभासद, तेही लष्करातले नव्हेत, तर त्याच भागात राहणारे मुलकी नागरिक. वेतन नाही. तपासणी करणारे डॉक्टरही विनावेतन आणि ज्याला निर्णयाविरुद्ध दाद मागायची असेल त्याला सल्ला देणारा वकीलही विनावेतन. मला स्वतःला या सर्वांत तो वकील अधिक आदरणीय वाटतो. सरकारनेच नेमलेला माणूस सरकारी निर्णयाविरुद्ध कसे जावे हे तरुणाला समजावून सांगतो, हे भर युद्धात घडत होते.

काम काय होते? प्रत्येकाने भरून दिलेली प्रश्नावली वाचून त्याला वर्ग द्यायचा. एक सेवेस पात्र, दुसरा शेतीसाठी आवश्यक, तिसऱ्यावर कुटुंबाचा भार, चौथा शरीराने अपात्र. कागदावर हे सुटसुटीत दिसते. पण ज्याच्या शेतावर राबायला एकच मुलगा उरला आहे, तो बाप उद्या बाजारात भेटणार असतो, रविवारी चर्चमध्ये शेजारी बसणार असतो. १ ऑक्टोबर १९४३ पासून तर युद्धापूर्वी बाप झालेल्या पुरुषांनाही बोलावणे धाडण्यास सुरुवात झाली. राजधानीतल्या अधिकाऱ्याला जे चेहरे दिसले नसते ते दिसावेत म्हणूनच हे काम शेजाऱ्यांवर सोपविले होते, आणि त्यामुळेच ते इतके कठीण झाले.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हे शेजारी सर्वांचे शेजारी नव्हते. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय तरुणांचे भवितव्य बहुधा गोऱ्या सभासदांच्याच हाती असे. ही स्थिती पुढेही फारशी पालटली नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६७ साली, अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगाला स्थानिक मंडळांत कृष्णवर्णीय सभासद अवघे १.३ टक्के आढळले. शिवाय सारख्याच परिस्थितीतील दोघांना दोन गावांत दोन वेगळे वर्ग मिळत. आभार मानताना हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

महायुद्धकाळात या व्यवस्थेमार्फत सुमारे १ कोटी माणसे सैन्यात गेली. २ जुलै १९४५ रोजी, जपानशी युद्ध चालू असतानाच, अमेरिकेच्या काँग्रेसने या सेवकांसाठी एक पदक मंजूर केले. दोन वर्षे वा अधिक काळ विनावेतन काम केलेल्यांना ते देण्यात येई. हे आभार देशानेच मानणे योग्य होते. ज्या घरचा मुलगा परतला नाही, त्या घराकडून त्यांची अपेक्षा कोणी कशी करावी? आणि तशी घरे सभासदांच्या स्वतःच्याच भागात होती.