चालत्या हातांतला स्थिर कॅमेरा

शिवडीच्या धक्क्यावर रोहित पक्ष्यांचें चलचित्र टिपावयास गेलों. चित्रांत पक्ष्यांऐवजीं क्षितिजच डोलूं लागलें. स्टॅबिलायझर हातीं होता, पण तोललेला नव्हता.

१९७५ सालीं गॅरेट ब्राऊन यांनीं स्टेडिकॅम सिद्ध केला, त्याचें मर्म हेंच कीं, भारमध्य मुठीवरील सांध्याच्या किंचित् खालीं असावा. प्रथम कॅमेरा मागेंपुढें, डावीउजवीकडे सरकवून दांडा सरळ उभा करावा. मग तो आडवा धरून सोडावा. उभा होण्यास दोन-तीन सेकंद लागावेत. झटकन् उभा झाला, तर खालचें वजन जास्त. आडवाच रेंगाळला, तर कमी. माझा झटकन् होई, म्हणून चालतांना, थांबतांना लंबकासारखा झुले. लंबक वर्गांत कितीदां शिकविला होता!

खालची एक चकती काढली आहे. भरती चढूं लागली कीं पक्षी धक्क्याकडे सरकतात. उद्यां पुन्हां जाणार आहें.