आमता आमता नको!
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांनी मराठीत आणल्या आणि बंगाली घर आपल्या ओळखीचे झाले. त्या घरातला एक वाक्प्रचार आज तुम्हांला शिकवते. जो स्पष्ट न बोलता घुटमळतो, तो ‘आमता आमता’ करतो, असे बंगाली लोक म्हणतात. आपल्याकडे घाबरलेल्याचे त त प प होते. आग्रह हवा असेल तो आढेवेढे घेतो. ‘आमता आमता’ करणाऱ्याचे मात्र धड ‘हो’ही नसते, धड ‘नाही’ही नसते.

आता आपलेच पाहा. ग्रामसभेत विचारतात, “बाई, घराला तुमचे नाव लावायचे का?” मनात ‘हो’ असते, तोंडून येते, “म्हणजे... तसं... ह्यांना विचारून सांगते.” तेवढ्यात पुढचा विषय निघतो आणि नाव राहते ते राहतेच!

याच मुळशीत १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तेव्हा मावळातल्या बायका जमिनीसाठी पुरुषांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. पण खुर्ची मिळाली म्हणून जीभ आपोआप सुटत नाही. तिला सवय लावावी लागते.

ग्रामसभेआधी महिला सभा असते. तेथे प्रत्येकीने उभे राहून तीनच गोष्टी सांगाव्यात : माझे नाव, माझी मागणी, तिचे कारण. मग खुशाल खाली बसावे. आपल्या माणसांत जे वाक्य एकदा धड उच्चारले, ते चावडीवर अडखळत नाही.