सुईचा भार
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



घरातील संगीतश्रवणाविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा आपल्या कार्यवाहांनी मला केली. ती पाळण्यापूर्वी माझ्या हातून घडलेला एक अपराध मला आपणांपुढे सांगितला पाहिजे.

माझ्या वडिलांच्या संग्रहात ख्यालगायनाची एक ध्वनिमुद्रिका होती. रविवारी सकाळी स्नान आटोपले की ते ती स्वतः लावीत. मी कॉलेजात असताना सुई एका जागी अडखळू लागली. कोणीतरी सुचविल्यावरून मी सुईच्या डोक्यावर एक नाणे चिकटविले. अडखळणे थांबले आणि मी स्वतःस मोठा कारागीर समजू लागलो. पुढे वर्षभरात त्या गायकाचा तार षड्ज फाटल्यासारखा ऐकू येऊ लागला. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. मात्र ती तबकडी त्यांनी पुन्हा कधी लावली नाही.

दोष यंत्राचा नव्हता. अज्ञान माझे होते. ध्वनिमुद्रिकेची चर केसाइतकी बारीक असते. तिच्या दोन भिंतींवर गाणे कोरलेले असते आणि सुईचे टोक इतके सूक्ष्म असते की दोन ग्रॅमांचा भारही त्या बिंदूवर प्रचंड दाब निर्माण करतो. आजच्या चांगल्या कार्ट्रिजला बहुधा दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो. स्वस्त पेटीवजा यंत्रांत तो पाच-सहा ग्रॅमही असतो. भार फार कमी ठेवणे हेही हिताचे नाही; कारण सुई चरीत उड्या मारते आणि भिंतींना इजा करते. म्हणून निर्मात्याने सांगितलेला भार छोट्या काट्यावर मोजून ठेवावा.

आता यंत्राच्या निवडीविषयी. पट्ट्याने फिरणारे असो वा थेट मोटारीने फिरणारे, दोन्ही प्रकारांत उत्तम यंत्रे मिळतात. त्या वादात वेळ दवडू नये. भुजेच्या मागील वजन पुढेमागे करता येते काय, सुई बदलता येते काय आणि तबकडीचे ताट जड व स्थिर आहे काय, एवढे अवश्य पाहावे. घरात जुन्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असतील, तर ती गती असलेले यंत्र घ्यावे आणि त्यांच्यासाठी निराळी सुई ठेवावी. १९४८ साली आलेल्या ३३ १/३ फेऱ्यांच्या दीर्घवादी तबकडीची चर त्यांच्या चरीहून कितीतरी अरुंद आहे. एकीची सुई दुसरीला चालत नाही.

आपल्यापैकी अनेकांचे आप्त अमेरिकेत आहेत. तेथील जुने यंत्र कोणी प्रेमाने आणून दिले, तर सावध असावे. तेथील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५०. विजेच्या आवर्तनांवर गती ठरणारी मोटार येथे मंद फिरते आणि ३३ १/३ फेऱ्यांऐवजी सुमारे २८ फेऱ्या होतात. काळी चारमध्ये गाणारी गायिका मग पांढरी चारच्याही किंचित खाली गाऊ लागते! ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, आवर्तने बदलत नाही. गती तपासण्यासाठी १८० रेषांचे कागदी चक्र ताटावर ठेवून आपल्या विजेवरील निऑन दिव्याखाली पाहावे. रेषा स्थिर दिसल्या की ३३ १/३ ची गती बरोबर आहे.

यंत्र घरी आल्यावर प्रथम ते पाणसळीने समतल करावे. ध्वनिवर्धक ज्या टेबलावर आहेत त्यावर ते ठेवू नये. भिंतीतील फळी उत्तम. नंतर भुजा तराजूसारखी तरंगेपर्यंत मागील वजन सरकवावे, तेथे आकडा शून्यावर आणावा आणि मग योग्य भार द्यावा. भुजा आत ओढली जाते, तिला आवरणारी योजना बहुधा त्याच आकड्यावर ठेवावी. शेवटी कार्ट्रिज मापपट्टीवर सरळ बसवावे. याचे फळ तबकडीच्या शेवटी कळते. तेथे चरीचा वेग बाहेरच्या कडेच्या निम्म्याहूनही कमी होतो. ख्यालाच्या बाजूवर नेमकी तेथेच द्रुत बंदिश वा तराणा असतो. कार्ट्रिज वाकडे असेल, तर गायकाचा सर्वांत वेगवान भागच सर्वांत अस्पष्ट ऐकू येतो.

हिऱ्याची सुईही झिजते. पाचशे ते हजार तासांनंतर ती बदलावी. झिजलेली सुई पैसे वाचवीत नाही, तबकड्या खाते.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांच्या माळ्यांवर वडीलधाऱ्यांनी काटकसर करून जमविलेल्या तबकड्या असतील. त्यांतील कितीतरी पुन्हा निघणार नाहीत. या दिवाळीपूर्वी त्या खाली उतरवा, पुसा, उभ्या ठेवा. आणि सुईचा भार मोजल्यावाचून एकही लावू नका.

वडिलांची ती तबकडी मी अद्याप जपून ठेवली आहे. ती आता गात नाही, परंतु प्रत्येक वेळी भुजा खाली उतरविताना माझा हात हलका ठेवते.