यमकाची गाठ, अर्थाची राखण

(जुन्नर व आंबेगाव परिसराच्या काव्यपरंपरेवरील व्याख्यानाचा संपादित भाग)



शिवजयंतीला शिवनेरीवर जन्मस्थानी पाळणा म्हटला जातो. पाळण्याची रचना शतकानुशतके ठरलेली आहे. पहिला दिवस, दुसरा दिवस असे मोजत एकेक कडवे पुढे सरकते, कडव्याच्या ओळी यमकाने बांधलेल्या असतात आणि प्रत्येक कडव्याअखेरीस तेच पालुपद येते. आरंभी ते पालुपद केवळ बाळाला जोजवण्याचे असते. पाचव्या दिवशीची पूजा होते, बाराव्या दिवशी नाव ठेवले जाते आणि तेच पालुपद आता एका नावाच्या, कुळाच्या, भविष्याच्या धन्याला उद्देशून उच्चारले जाते. शब्द बदलले नाहीत, अर्थ मात्र बदलला. हा बदल कवीने सांगितलेला नाही, रचनेने घडवला आहे. यमक आणि पालुपद हे कवितेच्या अंगावरचे दागिने आहेत असे मानणाऱ्यांनी या पाळण्याचा विचार करावा.

'यमक' या शब्दाबद्दलही थोडी स्पष्टता हवी. संस्कृत काव्यशास्त्रात यमक म्हणजे त्याच अक्षरसमूहाची भिन्न अर्थाने पुनरावृत्ती. चरणांच्या अखेरीस ध्वनी जुळणे याला तेथे अंत्यानुप्रास म्हणतात. मराठीने ही दुसरी गोष्टही यमकाच्याच नावावर घातली. वामन पंडित 'यमक्या वामन' म्हणून ओळखले गेले, तर मोरोपंतांनी ओठ न मिळवता उच्चारता येईल असे निरोष्ठ रामायण रचले. हे शब्दावरील प्रभुत्व थक्क करणारे आहे. परंतु या भूमीच्या कवितेचे मूळ पांडित्यात नाही, ते घाटवाटांवर आणि जात्यावर आहे.

नाणेघाटापासून आळ्यापर्यंत

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत शिलालेख आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी रंगनाथ पठारे समितीने मांडलेल्या पुराव्यांत हा लेख होता आणि सातवाहन राजा हाल याच्या नावावरील 'गाथासप्तशती'ही होती. गाथा हे मात्रावृत्त आहे आणि तिला अंत्ययमकाची गरज नसते. दोन ओळींत एक प्रसंग मांडायचा आणि खरा अर्थ ध्वनित ठेवायचा ही तिची रीत. म्हणूनच आनंदवर्धनाला ध्वनिसिद्धान्त मांडताना या प्राकृत गाथांची उदाहरणे घ्यावीशी वाटली. पुढे अपभ्रंश काव्यात अंत्ययमक रुळले आणि मराठी कविता जन्मली ती यमक घेऊनच.

ओवीची घडण पाहावी. ग्रंथातील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने जुळतात आणि चौथा आखूड चरण मोकळा राहतो. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात. त्यांतील दुसरा व तिसरा जुळतो, चौथा जुळत नाही. या अर्ध्या चरणामुळेच अभंगाला साडेतीन चरणांचा म्हणतात. दोन चरण जुळले की कान निश्चिंत होतो, आणखी एका प्रतिध्वनीची वाट पाहतो. तो येत नाही. येतात ती चारच अक्षरे. अपेक्षाभंग कानाचा होतो आणि लक्ष अर्थावर जाते. संतांचा निर्णय, आर्जव किंवा फटकारा कितीतरी वेळा या अखेरच्या चार अक्षरांत असतो. यमक कोठे जुळवावे याइतकेच ते कोठे सोडावे हेही या परंपरेला उमगले होते.

जुन्नर तालुक्यातील आळे येथे ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले त्या रेड्याची समाधी आहे, अशी श्रद्धा आहे. ओतूरला तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी मानली जाते. वेद ज्यांच्या कानी पडत नव्हते त्यांच्या मुखी वेदांचा अर्थ यावा, ही ज्ञानदेवांच्या कार्याची दिशा होती, आणि आळ्याची कथा तेच सांगते. त्या कार्याचे साधन होते ओवी. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसापाशी ग्रंथ ठेवायचा तर तो कंठातच ठेवावा लागतो, आणि कंठात तो टिकतो छंदामुळे. यमकाच्या जागचा शब्द चुकला तर कान तत्काळ अडखळतो. ओळीच्या मधला शब्द मात्र निसटू शकतो. नक्कल करताना ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांना १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, हे लक्षात घेतले की यमकाची पहारेकरी म्हणून थोरवी कळते आणि मर्यादाही.

जात्याचे काव्यशास्त्र

मावळपट्ट्यातील स्त्रियांनी हीच विद्या जात्यावर चालवली. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. पहिल्या ओळीत अंगण, वाट, झाड, पाऊस असे डोळ्यांपुढचे काही असते. दुसरीत मनातले येते आणि यमक या दोहोंची गाठ मारते. सासुरवाशिणीला जे थेट बोलता येत नव्हते ते या गाठीच्या आडोशाने बोलता येई.

मराठी मनाने जपलेल्या काही जोड्या पाहाव्यात. माउली आणि साउली. माहेर आणि आहेर. गाव आणि ठाव. संसार आणि असार. आई आणि सावली यांचा संबंध तर्काने सिद्ध करावा लागत नाही, तो कानाने आधीच मान्य केलेला असतो. 'संसार' या शब्दातच 'असार' घुमतो आणि प्रवचनकाराचे अर्धे काम होते. समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जुळवलेल्या अशा जोड्या म्हणजे त्या समाजाच्या विचाराचा नकाशाच होय.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारख्या कलावतीने तिला राष्ट्रीय कीर्ती मिळवून दिली. लावणीचे ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर परत येते आणि गाणारीच्या मुखी ते कधी लाडिक, कधी उपहासाचे, कधी व्याकूळ होते. पोवाड्याची रीत निराळी. अफझलखानवधावरील अज्ञानदासाचा पोवाडा उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुना मानला जातो. पोवाड्यात अक्षरांचे बंधन सैल असते. एकाच यमकाची माळ सलग ओळींतून धावू लागली की घोडदौडीचा वेग येतो आणि ती तुटली की श्रोता सावध होतो.

यमक नसले तर?

केवळ यमकासाठी ओढूनताणून आणलेला शब्द अर्थाचा घात करतो, हा आक्षेप खोटा नाही. त्याचे उत्तर स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कवितेत सापडते. १९११ ते १९२१ या काळात अंदमानच्या कारागृहात कागद-लेखणी नसताना त्यांनी भिंतींवर ओळी कोरल्या आणि त्या मुखोद्गत केल्या. याच सावरकरांनी यमकाची बेडी नाकारणारे 'वैनायक' वृत्तही घडवले. यमक सोडले, पण वृत्त सोडले नाही. बंधन कोणते ठेवायचे, कोणते झुगारायचे याचा निर्णय अर्थाने करावा, हा त्यातील धडा.

आंबेगाव तालुक्यातील मंचर हे शांता शेळके यांचे गाव. त्यांच्या बालपणाचा काही काळ तेथे गेला. घरातील स्त्रियांच्या तोंडची गाणी-ओव्या हा त्यांच्या कवितेचा पहिला संस्कार. तयार चालीवर नेमके शब्द बसवणाऱ्या या गीतकर्तीने 'पाण्यावरल्या पाकळ्या'मध्ये जपानी हायकूही मराठीत आणले. १९९६ मध्ये आळंदीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. मंचरच्या ओवीकडून ज्ञानदेवांच्या आळंदीकडे गेलेली ही वाट योगायोगाची म्हणता येणार नाही.

आज प्रश्न कवींपुरता नाही. पिठाची गिरणी आली आणि स्त्रीचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. परंतु जात्याबरोबर ओवीही उठली. जिने पहाटे जाते ओढत ओव्या म्हटल्या ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. नातवंडे बालवाडीत इंग्रजी बडबडगीते पाठ करतात. त्यात गैर काही नाही. मात्र बालपणी अर्थ कळण्याआधी ध्वनी रुजतो आणि त्या ध्वनीबरोबर जोड्या रुजतात. मुलाच्या मनात माउली-साउली रुजलीच नाही, तर पुढे अभंग वाचून त्याला शब्दार्थ कळेल, आपलेपणा कळेल काय?

अभिजात दर्जाचा सन्मान शासनाने दिला, पण ओवी शासनाला येत नाही. ती आजीला येते. जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक शाळेने आपल्या गावातील आजींना वर्गात बोलवावे, त्यांच्या ओव्या मुलांनी ऐकाव्यात, वहीत उतरवाव्यात आणि मुख्य म्हणजे पाठ कराव्यात. ध्वनिमुद्रण करून ठेवणे आवश्यकच आहे, पण यंत्रात साठवलेली ओवी ही संग्रहातली वस्तू होय. कंठातली ओवी हीच परंपरा.