घोड्याचे जुलाब आणि मानेतली शीर

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. घोड्याच्या आतड्याला संसर्ग झाला की त्याच्या रक्ताच्या गोठण्याचं काय होतं? मी सॉफ्टवेअरवाला माणूस, पशुवैद्य नाही, त्यामुळे कृपा करून औषधांचे डोस विचारू नका. पण एखादी सिस्टीम कशी कोसळते ते बघत बसायची मला खोड आहे, आणि ही गोष्ट त्यातली फार विलक्षण आहे.

आधी घोड्याचं पोट समजून घेऊ. गाय चारा पुढच्या पोटात आंबवते, घोडा मागे, मोठ्या आतड्यात. हे आतडं प्रचंड असतं. सुरुवातीची पिशवी आणि पुढचा भाग मिळून शंभर लिटरच्या आसपास माल मावतो. त्यात अब्जावधी जिवाणू. त्यातल्या बऱ्याच जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं, आणि ते मेले की हे विष सुटं होतं. निरोगी घोड्यात त्याचा त्रास नाही, कारण आतड्याची भिंत त्याला आतल्या आत अडवते.

मग संसर्ग होतो. साल्मोनेला असेल, क्लॉस्ट्रिडियमच्या जाती असतील. किंवा अमेरिकेतला पोटोमॅक हॉर्स फीवर, जो १९७९ साली मॅरिलँडमध्ये पोटोमॅक नदीच्या काठी पहिल्यांदा ध्यानात आला. त्यात जंतू असलेले पाणकिडे चाऱ्याबरोबर पोटात जातात. कारण कुठलंही असो, भिंत सुजते, फाटते, आणि विष रक्तात उतरतं. घोडा या विषाला भयंकर संवेदनशील असतो, अगदी थोडंसंही त्याला पुरतं.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत कसली! रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे विष ओळखतात आणि आपल्या अंगावर 'टिश्यू फॅक्टर' नावाचं प्रथिन उभं करतात. एरवी हे प्रथिन रक्तवाहिनीच्या बाहेर असतं. जखम झाली की रक्ताची त्याच्याशी गाठ पडते आणि तिथेच गुठळी होते. इथे जखम नाहीच, पण 'जखम झाली' हा सिग्नल रक्ताबरोबर अंगभर फिरतोय. तेव्हा जागोजागी बारीक गुठळ्या धरू लागतात.

याला ब्रेक असतात ना? असतात. अँटिथ्रॉम्बिन हा मोठा ब्रेक. पण इतक्या ठिकाणी एकदम दाबावा लागल्यावर तो संपत जातो. त्यात आणखी एक गळती आहे. फाटलेल्या आतड्यातून प्रथिनं वाहून जातात, आणि अँटिथ्रॉम्बिनचा रेणू अल्ब्युमिनच्याच मापाचा, त्यामुळे तोही जुलाबात जातो. एक टाकी आणि दोन भोकं. शिवाय झालेल्या गुठळ्या विरघळवणारी यंत्रणासुद्धा सुजेमुळे दबलेली असते.

आपण ऐकलेलं असतं की असा प्रकार झाला की रुग्णाला सगळीकडून रक्तस्राव होतो. घोड्यात तसं क्वचित दिसतं. त्याचं पारडं गुठळ्यांकडे झुकतं, आणि गुठळ्या बाहेरून दिसत नाहीत. २००२ साली अमेरिकेत तीव्र कोलायटिस झालेल्या ३७ घोड्यांचा अभ्यास छापून आला. त्यातल्या साधारण एक तृतीयांश घोड्यांच्या तपासण्यांत ही गडबड सापडली, बाहेर काही दिसत नसताना. आणि ज्यांच्यात सापडली, त्यांची मरण्याची शक्यता जास्त होती.

तपासणीतही एक चकवा आहे. गुठळ्या होताना फायब्रिनोजेन खर्च होतं, म्हणजे ते कमी दिसायला हवं. पण सूज असली की घोड्याचं यकृत ते धडाधड बनवत सुटतं, आणि रिपोर्टमध्ये आकडा नॉर्मल नाहीतर चढलेलाच येतो. एकाच मॉनिटरवर विसंबलं की हे असं होतं. म्हणून डॉक्टर प्लेटलेट्स, गोठायला लागणारा वेळ, अँटिथ्रॉम्बिन, डी-डायमर असं सगळं एकत्र वाचतात.

पण माथेरानला किंवा सारंगखेड्याच्या बाजारात कोण डी-डायमर करणार? तिथे हात उपयोगी पडतो. जुलाब लागलेल्या घोड्याला दिवसाला कित्येक लिटर सलाइन लागतं, आणि नळी घालतात मानेतल्या मोठ्या शिरेत. रक्त आधीच गोठायला टपलेलं, त्यात शिरेत परकी वस्तू. गुठळी तिथेच धरते. शीर दोरीसारखी टणक लागते, गरम होते, दाबली की घोडा मान झटकतो. म्हणून दोन्ही बाजूंनी हात फिरवून बघायचं, दिवसातून अनेकदा, आणि नळी काढल्यावरही काही दिवस. जुलाब थांबले म्हणून मोतद्दाराने हे सोडायचं नाही. शंका आली तर नळी काढायची की नाही हे लगेच डॉक्टरांना विचारायचं.

एक शीर बंद पडली तर घोडा निभावून नेतो. दोन्ही बंद पडल्या तर डोक्यातलं रक्त उतरत नाही, तोंड-नाक सुजतं. आणि घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊच शकत नाही. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं लॅपटॉप बंद करून बसलो होतो.

मग रक्त पातळ करायचं औषध सरळ का देत नाहीत? देतात, पण साध्या हेपॅरिनने घोड्याच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात. कमी रेणुभाराच्या हेपॅरिनने तसं होत नाही, पण घोड्याच्या वजनाला ते खिशाला परवडायला हवं. निरोगी घोड्याचा प्लाझ्मा दिला तर संपलेले ब्रेक थोडे भरून निघतात. विषाला रक्तातच बांधून ठेवायला पॉलिमिक्सिन बी वापरतात.

आणि खूर. अशा आजारात खुराच्या आतली पकड सुटण्याचा, म्हणजे लॅमिनायटिसचा, धोका असतो. त्यात गुठळ्यांचा वाटा किती यावर तज्ज्ञांत वाद आहे. बर्फाबद्दल मात्र फारसा वाद नाही. चालताना घोडा अवघडायच्या आधीच पाय घोट्याच्या वरपर्यंत बर्फात ठेवायचे, आणि दिवसरात्र ठेवायचे. बर्फ वितळला की पुन्हा भरायचा.

हो, आणि साल्मोनेला माणसालाही होतो. त्या तबेल्यातून आलात की हात साबणाने धुवा, आणि त्याच बुटांनी दुसऱ्या घोड्याकडे जाऊ नका. घोडे पाळणारं कुणी ऐकत असेल तर तुमचा अनुभव नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.