समुद्राचं मीठ, पण आयोडीन किती?

मीरा रोड सोडून गाडी भाईंदरकडे निघाली, की इमारतींच्या मागे मिठागरांचे चौकोन दिसतात. त्या मिठावरून एका आजींनी मला पेचात पकडलं. तिसरा महिना लागलेल्या नातसुनेला घेऊन त्या दवाखान्यात आल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, पाकिटातलं मीठ कशाला? आमचं आगरातलं जाडं मीठ आहे की! आयोडीन समुद्रातूनच येतं ना?"

येतं, श्रोतेहो, पण किती? लिटरभर समुद्राच्या पाण्यात मीठ सुमारे ३५ ग्रॅम आणि आयोडीन जेमतेम ६० मायक्रोग्रॅम. ते सगळं मिठात उतरलं असं धरलं, तरी दहा ग्रॅम मिठातून १७ मायक्रोग्रॅम मिळेल. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात बरंचसं आयोडीन राहून जातं. आणि गरज? मोठ्या माणसाला रोज १५०, गरोदर बाईला २५०. बाळाच्या मेंदूची घडण आयोडीनपासून बनणाऱ्या थायरॉइडच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. तिथली तूट पुढे भरून काढणं अवघड.

म्हणून तर मे २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आहे. पाकिटातल्या मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात. आपल्या हाती पडेपर्यंत किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन उरायला हवं, म्हणजे दहा ग्रॅममध्ये १५०.

पोटात गेल्यावर आयोडेटचं आयोडाइड होतं, आणि त्यातलं नव्वद टक्क्यांहून अधिक शरीर शोषून घेतं. आतड्याच्या पेशींवर त्यासाठी खास प्रथिनाचं दार असतं. या प्रथिनाचं जनुक न्यूयॉर्कच्या डॉ. नॅन्सी कॅरास्को यांच्या गटाला १९९६ साली थायरॉइडच्या पेशींत सापडलं. तेच दार आतड्यातही काम करतं, हे २००९ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. गंमत म्हणजे आयोडाइडचा एक कण आत येतो तो सोडियमच्या दोन कणांचा हात धरून. आणि आयोडाइड भरपूर मिळू लागलं, की आतडं ही दारं कमी करतं. इतकं चोख काम! पण ताटातच नसेल, तर आतडं आणणार कुठून?

आजींनी सगळं ऐकून घेतलं. "मग लोणच्याचं काय?"

लोणच्याला घाला तुमचं जाडं मीठ, म्हटलं. पोरीच्या वरण-भाजीत मात्र आयोडीनचंच. आणि डबा घट्ट झाकणाचा हवा. ओलसर हवेत आयोडीन उडून जातं, आणि आमच्या खाडीकाठी पावसाळाभर हवा ओलीच असते.